आज्ञावली उघड करताना

१६ मार्च २०२० रोजी लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील संशोधकांच्या एका गटाने करोनाच्या साथीविषयीचा आपला नववा अहवाल प्रसिद्ध केला. साथ रोखण्यासाठी कोणतेच उपाय योजले नाहीत, तर ब्रिटनमध्ये सुमारे ५ लाख १० हजार आणि अमेरिकेत सुमारे २२ लाख माणसे मृत्युमुखी पडतील, असा अंदाज त्यात मांडलेला होता. आठवडाभरातच, २३ मार्च रोजी, ब्रिटिश सरकारने देशव्यापी टाळेबंदी जाहीर केली. सरकारपुढे दुसरे सल्ले आणि दुसरी अनुमानेही होती. पण लोकांच्या मनात घर करून बसले ते या अहवालातले आकडे. साहजिकच प्रश्न विचारला जाऊ लागला की हे आकडे आले कोठून?

ते एका संगणकीय आज्ञावलीतून आले होते. गटाचे प्रमुख नील फर्ग्युसन यांनी २२ मार्च रोजी स्वतःच जाहीरपणे सांगितले की, ही आज्ञावली त्यांनी तेरा-एक वर्षांपूर्वी फ्ल्यूच्या साथींसाठी लिहिली होती. ती 'सी' या संगणकभाषेत होती, हजारो ओळींची होती, आणि तिच्यासोबत स्पष्टीकरणाचे टिपण असे काहीच नव्हते. इतरांना ती वापरता यावी यासाठी मायक्रोसॉफ्ट आणि गिटहब या कंपन्यांच्या साहाय्याने तिची मांडणी सुधारण्याचे काम चालू आहे, असेही त्यांनी कळवले. एप्रिलच्या उत्तरार्धात आज्ञावली सर्वांसाठी खुली झाली. मधल्या महिन्याभरात काय घडले, आणि त्यानंतरही वाद का शमला नाही, हे पाहिले म्हणजे संशोधनाची आज्ञावली खासगी कोठारातून सार्वजनिक कोठारात नेणे हे वाटते तितके सोपे काम का नाही, ते ध्यानात येते.

मुळात एखाद्या शोधनिबंधाच्या वाचकाला आज्ञावली हवी कशासाठी? निबंधात पद्धतीचे वर्णन असतेच. परंतु वर्णन आणि आज्ञावली यांत मोठे अंतर असते. प्रस्तुत अहवालात रुग्णाने घरीच राहण्याच्या उपायाचे वर्णन असे होते: लक्षणे दिसलेला रुग्ण सात दिवस घरी राहील, त्याचा घराबाहेरच्या लोकांशी येणारा संपर्क ७५ टक्क्यांनी घटेल, घरातला संपर्क आहे तसाच राहील, आणि ७० टक्के कुटुंबे हा नियम पाळतील. वाचणाऱ्याला हे अगदी नेमके वाटते. आज्ञावली लिहिणाऱ्याला मात्र येथूनच प्रश्न पडू लागतात. सात दिवस कोणत्या क्षणापासून मोजायचे? नियम पाळणारी कुटुंबे एकदाच निवडायची, की प्रत्येक आजारपणाच्या वेळी नव्याने? याच घरात दुसरा माणूस आजारी पडला तर काय? संगणकाला 'साधारणपणे' हा शब्द कळत नाही. यांतील प्रत्येक प्रश्नाचे एकच एक उत्तर आज्ञावलीत लिहिलेले असते. ते निबंधात आले नसेल, तर दुसऱ्या कोणाला ठाऊक होण्याचा मार्ग नसतो. अशी शेकडो उत्तरे मिळून अंतिम आकडा तयार होतो.

आता या 'कोठारा'विषयी थोडे सांगितले पाहिजे. आज्ञावली लिहिणारे लोक आपले काम बहुधा 'गिट' नावाच्या व्यवस्थेत ठेवतात. ही व्यवस्था लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केली. ती सावकाराच्या चोपडीसारखी आहे असे म्हटले तर वावगे होणार नाही. चोपडीत चुकीची नोंद खोडून टाकता येत नाही. खाली दुरुस्तीची नवी नोंद करावी लागते, आणि जुनी तशीच दिसत राहते. गिटमध्येही प्रत्येक बदल कोणी, केव्हा व काय केला, याची नोंद होते, त्या नोंदीला स्वतःचा लांबलचक ओळखक्रमांक मिळतो आणि वाटेल तेव्हा मागच्या कोणत्याही अवस्थेकडे परत जाता येते. अशा चोपड्या इंटरनेटवर ठेवण्याची सोय गिटहबसारख्या संस्था करतात. २००८ मध्ये सुरू झालेली गिटहब २०१८ पासून मायक्रोसॉफ्टच्या मालकीची आहे. चोपडी खासगी ठेवली तर ती फक्त नेमलेल्या माणसांना दिसते. सार्वजनिक केली तर जगातील कोणालाही ती वाचता येते व उतरवून घेता येते.

खासगीचे सार्वजनिक करण्यासाठी एक कळ दाबली की पुरते. अडचण नेमकी तेथेच आहे. ती कळ दाबताच चोपडीचे शेवटचे पानच नव्हे, तर पहिल्या दिवसापासूनची सारी पाने उघडी पडतात. समजा, तीन वर्षांपूर्वी कोणी घाईत आधारसामग्रीच्या भांडाराचा परवलीचा शब्द आज्ञावलीतच लिहून ठेवला होता आणि दुसऱ्या दिवशी तो काढून टाकला होता. आजच्या पानावर तो नाही. पण त्या दिवशीच्या पानावर तो आहेच. एखाद्या रुग्णालयाची यादी चाचणीसाठी म्हणून काही तास कोठारात येऊन गेली असेल, तर तीही तेथे आहे. सार्वजनिक कोठारे चाळून असे परवलीचे शब्द हुडकणाऱ्या स्वयंचलित आज्ञावल्या अहोरात्र फिरत असतात. त्यामुळे 'चूक लक्षात आल्यावर पुसून टाकू' हा विचार उपयोगाचा नाही. तोवर कोणी तरी प्रत घेतलेली असते. शब्द फुटला तर तो पुसण्यापेक्षा बदलणे, हाच खरा उपाय होय. रुग्णांची नावे मात्र बदलता येत नाहीत. म्हणून ती शोधण्याचे काम कळ दाबण्याच्या आधीच व्हावे लागते.

यावर तोड म्हणून अनेक गट एक सोपा मार्ग पत्करतात. जुनी चोपडी कपाटात बंद करायची, नवी कोरी चोपडी घ्यायची आणि तिच्या पहिल्या पानावर आजची स्वच्छ आज्ञावली उतरवायची. यात गुपिते फुटण्याचे भय उरत नाही, आणि जुने वेडेवाकडे प्रयत्नही कोणाला दिसत नाहीत. पण त्याबरोबर इतिहासही जातो. एखादा आकडा ०.५ वरून ०.६ केव्हा झाला आणि का, याचे उत्तर त्या जुन्या पानांत होते. निकाल पाहिल्यानंतर तो बदलला की आधी, हे त्याखेरीज कसे कळणार? म्हणजे परीक्षकाला ज्याची सर्वांत जास्त गरज असते, तेच या मार्गाने नाहीसे होते. गुपिताची पाने तेवढी काळजीपूर्वक काढून बाकीचा इतिहास राखण्याची साधने आहेत. ती वापरण्यास वेळ लागतो, आणि वेळ ही वस्तू संशोधकाजवळ क्वचितच शिल्लक असते.

दुसरा अडसर हक्कांचा. आज्ञावली लिहिणाऱ्याची असते असे वाटते. पण तिचा कायदेशीर धनी पुष्कळदा विद्यापीठ असते, अनुदान देणाऱ्याच्या अटी वेगळ्या असतात, आणि मधल्या काळात येऊन गेलेल्या विद्यार्थ्यांनी लिहिलेले भागही तीत मिसळलेले असतात. शिवाय नुसते उघड्यावर ठेवल्याने इतरांना वापरण्याचा अधिकार मिळत नाही. त्यासाठी परवाना जोडावा लागतो. परवाना नसलेली आज्ञावली वाचता येते, पण कायद्याच्या दृष्टीने ती दुसऱ्याच्या कुंपणातल्या झाडासारखी असते. इंपीरियल कॉलेजच्या आज्ञावलीला 'जीपीएल'ची तिसरी आवृत्ती लावण्यात आली. ती वापरून केलेले काम कोणी पुढे वाटले तर तेही त्याच अटींवर खुले ठेवावे, असे तिचे बंधन आहे.

आधारसामग्रीचे हक्क तर त्याहून कठीण. या प्रतिमानात देशातील माणसे कोठे किती दाटीने राहतात, याची तपशीलवार आकडेवारी लागते. मूळ कामात वापरलेली आकडेवारी ज्यांच्या मालकीची होती, त्यांच्या अटींमुळे ती सार्वजनिक कोठारात ठेवता येत नव्हती. तिच्या जागी 'वर्ल्डपॉप' या खुल्या संचातील आकडेवारी घालण्यात आली. बदल प्रामाणिक होता आणि सांगूनसवरून केलेला होता. तरी त्याचा अर्थ असा की, खुल्या झालेल्या आज्ञावलीतून अहवालातला आकडा शेवटच्या अंकापर्यंत जुळणे आता शक्य नव्हते.

या साऱ्यांहून मोठा, पण फारसा बोलला न जाणारा अडसर म्हणजे संकोच. संशोधकाने आज्ञावली स्वतःसाठी लिहिलेली असते. तिच्यात चलांना एकाक्षरी नावे असतात, सोडून दिलेल्या कल्पनांचे अवशेष असतात, 'हे नंतर पाहू' असे शेरे असतात. ती परक्याने वाचावी ही कल्पनाच अनेकांना सहन होत नाही. निक बार्न्स या संगणकतज्ज्ञाने २०१० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात संशोधकांना निक्षून सांगितले की, तुमची आज्ञावली प्रसिद्ध करण्याइतकी चांगली आहे. व्यावसायिकांच्या आज्ञावल्याही पुष्कळदा अशाच असतात. त्यांना हे सांगण्याचा अधिकार होता. जागतिक तापमान मोजणारी नासाची आज्ञावली २००७ मध्ये खुली झाल्यावर बार्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पायथन या भाषेत सुबोध रूपात नव्याने लिहून काढली होती.

हा सल्ला एका ताज्या प्रकरणाच्या पार्श्वभूमीवर आला होता. नोव्हेंबर २००९ मध्ये ब्रिटनमधील ईस्ट अँग्लिया विद्यापीठाच्या हवामान संशोधन विभागाचा पत्रव्यवहार व फाइली कोणी तरी चोरून इंटरनेटवर टाकल्या. सार्वजनिक होण्याची ही सर्वांत वाईट तऱ्हा. निवड नाही, स्पष्टीकरण नाही, आणि वाचणारा आधीच संशयाने भरलेला. त्यानंतर डिसेंबरमध्ये ब्रिटिश हवामान कार्यालयाने तापमानाच्या नोंदी आणि त्यांवर प्रक्रिया करणारी आज्ञावली स्वतःहून प्रसिद्ध केली. बाहेरच्या वाचकांना तीत अनिश्चिततेच्या मापनातील एक चूक सापडली, आणि कार्यालयाने ती मान्य केली. पृथ्वी तापत असल्याच्या निष्कर्षाला तिने धक्का लागला नाही. एक वर्ष आधीच आज्ञावली उघड झाली असती तर चोरलेल्या फाइलींना एवढे महत्त्व कदाचित आलेच नसते.

आता पुन्हा लंडनकडे वळू. फर्ग्युसन यांच्या गटाकडील आज्ञावली म्हणजे मुख्यतः सुमारे १५ हजार ओळींची एकच एक फाइल होती. तिचे मूळ आग्नेय आशियातील फ्ल्यूच्या साथीविषयी २००५ मध्ये आणि ब्रिटन-अमेरिकेविषयी २००६ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामापर्यंत जाते. तिच्यात देशाची जणू एक छायाप्रत उभी केली जाते. कल्पित माणसे घरांत राहतात, शाळेत वा कामावर जातात, आणि एकमेकांना भेटून रोग पसरवतात. स्वेच्छेने मदतीला आलेल्यांत जॉन कारमॅक हे संगणक-खेळांच्या क्षेत्रातील विख्यात तंत्रज्ञ होते. दोष शोधणारी साधने या आज्ञावलीवर चालवल्यावर, पुष्कळ आधुनिक आज्ञावल्यांपेक्षा ती बरी उतरली, असा अभिप्राय त्यांनी दिला. पुढे त्या लांबलचक फाइलीचे अनेक भाग करण्यात आले, नावे सुधारण्यात आली, टिपणे लिहिण्यात आली.

आणि येथेच वादाला तोंड फुटले. टीकाकारांनी विचारले: हे जे प्रसिद्ध झाले आहे, ते अहवालामागचे आहे काय? नव्हते. ते त्याचे सुधारलेले रूप होते, आणि मूळ फाइल व तिचा जुना इतिहास सार्वजनिक कोठारात नव्हता. ज्या दाखल्यावर सही झाली तो न दाखवता त्याची नवी, सुवाच्य नक्कल दाखवावी, तसा हा प्रकार असल्याचे आक्षेपकांना वाटले. गटाची बाजूही निराधार नव्हती. टिपणे नसलेली ती पंधरा हजार ओळींची फाइल कोणाला कळली असती? साथ ऐन भरात असताना इतर देशांतील लोकांना वापरता येईल असे काही तरी देणे अधिक निकडीचे होते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, पण ती दोन निरनिराळ्या वाचकांविषयी आहेत. ज्याला आज्ञावली वापरायची आहे त्याला स्वच्छ प्रत हवी. ज्याला आकडा तपासायचा आहे त्याला मळलेली मूळ प्रत हवी. एकाला दिल्याने दुसऱ्याची गरज भागत नाही. मूळ फाइल गबाळी असली तरी ती तशीच, 'अहवाल या रूपातून तयार झाला' अशा एका ओळीच्या शेऱ्यासह, स्वच्छ प्रतीच्या शेजारी ठेवता आली असती, तर निम्मा वाद जन्मालाच आला नसता.

उरलेल्या वादाचे कारण तांत्रिक होते. ते समजून घेण्यासारखे आहे. या प्रतिमानात कोण कोणाला भेटेल आणि रोग लागेल की नाही, हे यादृच्छिक संख्यांनी ठरते, जणू फासे टाकून. संगणकाचे फासे मात्र खरे नसतात. एक 'बीज' म्हणजे सुरुवातीची संख्या दिली की पुढच्या साऱ्या संख्या ठरून जातात. तेव्हा तेच बीज दिले तर तेच उत्तर यावे, ही अपेक्षा रास्त आहे. एडिनबरो विद्यापीठातील संशोधकांना असे आढळले की विशिष्ट पद्धतीने चालवल्यास त्याच बिजांनी दोनदा वेगळी उत्तरे येतात. हा दोष होता, आणि तो दुरुस्त झाला. याखेरीज अनेक गणकांवर एकाच वेळी काम वाटून दिले, की कोणता आधी संपवतो त्यावर फाशांचा क्रम बदलू शकतो. वृत्तपत्रांतून याचा अर्थ 'आज्ञावली भरवशाची नाही' असा लावण्यात आला. वस्तुतः असे प्रतिमान एकदा चालवून कोणी निष्कर्ष काढत नाही. ते अनेकदा चालवून सरासरी व पसारा पाहतात. एका फेरीतील फरक सरासरीत बुडून जातो. तरीही टीका सर्वस्वी पोकळ नव्हती: त्याच बिजाने तेच उत्तर येत नसेल, तर खरी चूक आणि फाशांचा खेळ यांतला भेद ओळखणे अवघड होते.

हा वाद चालू असतानाच केंब्रिज विद्यापीठातील स्टीफन एग्लेन यांनी वेगळी वाट धरली. दुसऱ्याच्या आज्ञावल्या चालवून पाहून तसे प्रमाणपत्र देण्याच्या 'कोडचेक' या उपक्रमाचे ते एक प्रवर्तक. त्यांनी खुली झालेली आज्ञावली आणि आधारसामग्री घेऊन अहवालातील कोष्टके पुन्हा तयार केली. आकड्यांत थोडेफार फरक पडले, पण अहवालाचे निष्कर्ष बदलावेत असे काही आढळले नाही. जून २०२० च्या आरंभी 'नेचर'ने या पडताळणीची बातमी दिली.

या प्रमाणपत्राचा अर्थ नेमका किती, हे मात्र जपून पाहिले पाहिजे. हीच आधारसामग्री आणि हीच आज्ञावली घेतली असता हेच आकडे येतात, एवढेच ते सांगते. गृहीते खरी होती की नाही, याविषयी ते मौन पाळते. तो प्रश्न दुसऱ्या एका गटाने हाती घेतला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात या आज्ञावलीला पुरवाव्या लागणाऱ्या ९४० प्राचलांची, म्हणजे बाहेरून ठरवून द्यायच्या संख्यांची, छाननी करण्यात आली. त्यांपैकी अवघ्या १९ संख्यांवर निकाल सर्वाधिक अवलंबून असल्याचे दिसून आले, आणि त्यांच्याविषयीची अनिश्चितता निकालात ३०० टक्क्यांपर्यंत वाढून उमटू शकते, असेही आढळले. म्हणजे प्रतिमानाची खरी मर्यादा ओळींच्या गबाळेपणात नव्हती, ती या १९ संख्यांत होती. आज्ञावली बंद कपाटात असती तर ही गोष्ट बाहेरच्या कोणालाच दाखवून देता आली नसती. टीकाकारांनी जेथे बोट ठेवले होते, त्याच्या कितीतरी पलीकडे जाणारी ही टीका होती, आणि तिच्यात कोणावरही आरोप नव्हता.

संशोधनाच्या बाहेरही याच प्रश्नाने डोके वर काढले होते. भारत सरकारने 'आरोग्य सेतू' या मोबाइलवरील साधनाची अँड्रॉइड आवृत्ती २६ मे २०२० रोजी गिटहबवर खुली केली, तेव्हा सर्व्हरवर चालणारा भाग तीत नव्हता. लोकांच्या हाती असलेले साधन आणि उघड केलेली आज्ञावली एकच आहेत काय, हा प्रश्न येथेही विचारला गेला. उघड करणाऱ्याने तो विचारला जाईल असे धरूनच चालावे.

सार्वजनिक कोठारात आल्यावर आज्ञावलीचे पुढे काय होते, हेही पाहण्याजोगे आहे. पहिल्या काही दिवसांत प्रश्नांचा लोंढा येतो. त्यांत मौलिक दुरुस्त्या असतात आणि शिवीगाळही असते. दोन्ही एकाच यादीत, एकाखाली एक. त्या निवडण्याला माणूस लागतो, आणि अनुदानाच्या अर्जात त्या माणसाचा पगार बहुधा धरलेला नसतो. दुसरे असे की, गिटहबवरील कोठार कायमचे नसते. मालकाला ते वाटेल तेव्हा पुन्हा बंद करता येते वा पुसता येते. म्हणून निबंधाशी संबंधित नेमकी अवस्था स्वतंत्र संग्रहात ठेवण्याची पद्धत रूढ होत गेली. युरोपातील सर्न या संस्थेने २०१३ मध्ये सुरू केलेल्या 'झेनोडो' या संग्रहात आज्ञावली ठेवली, की तिला ग्रंथाप्रमाणे कायमचा संदर्भक्रमांक मिळतो. फ्रान्समधील इन्रिया या संस्थेने २०१६ मध्ये जगापुढे आणलेल्या 'सॉफ्टवेअर हेरिटेज' या उपक्रमात तर जगातील सार्वजनिक कोठारांच्या प्रती त्यांच्या इतिहासासह जपल्या जातात.

इंपीरियल कॉलेजच्या सार्वजनिक कोठारात नवव्या अहवालाच्या नावाची एक वेगळी पुस्तिका ठेवण्यात आली. कोष्टके पुन्हा काढण्यासाठी लागणाऱ्या फाइली तीत आहेत, आणि मूळ आकड्यांशी तंतोतंत जुळणी का होणार नाही याचा खुलासाही आहे. देशभराच्या कल्पित माणसांना सामावून घेण्याइतकी स्मृती असलेला संगणक ज्याच्यापाशी असेल, त्याला त्या फाइली उतरवून घेऊन मार्च २०२० मधील ते सारे गणित पुन्हा मांडता येते, आणि सत्तर टक्क्यांच्या जागी पन्नास घालून काय होते, तेही पाहता येते.